नियम लिहिणारा आणि नियम वाहणारा

एखादा नियम न्याय्य असेल, तो लिहिणाऱ्याचा हेतू निर्मळ असेल, आणि तरीही तो अमलात आणण्यासाठी पाठविलेल्या माणसाच्या आयुष्याची त्यापायी धूळधाण झाली, तर नियम लिहिणारा त्या माणसाचे काही देणे लागतो काय? नीतिशास्त्राच्या ग्रंथांत या प्रश्नाला स्वतंत्र प्रकरण दिलेले माझ्या पाहण्यात नाही. कचेरीत मात्र तो रोज टेबलावर येतो. तेथे त्याला प्रश्न म्हणत नाहीत, ‘अंमलबजावणीतील अडचण’ म्हणतात, आणि त्या नावाखाली तो निकालातही निघतो.

या प्रश्नाचा विचार करू लागलो की मी सतराव्या शतकातील दोन माणसांपाशी येऊन थांबतो. एक इटलीतील राव्हेन्ना गावचे कायदेपंडित फ्रांचेस्को इंगोली, आणि दुसरे आपल्या शेजारच्या गोव्यातील दिवाड बेटावरचे मातेउश द कास्त्रो. एकाने टिपणे लिहिली. दुसऱ्याने ती अंगावर वाहिली. दोघांचेही कागद आज रोममध्ये एकाच दफ्तरखान्यात आहेत. मी कॅथलिक नाही, चर्चच्या कायद्याचा अभ्यासकही नाही. परंतु नंदगड-खानापूर भागात कॅथलिक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शेजारी नांदत आली आहेत, आणि ज्या कज्जाची ही हकिगत आहे त्याची झळ या मुलखालाही लागलेली आहे. शिवाय आयुष्याची उमेदीची वर्षे मी फायलींत घालविली. त्यामुळे या प्रकरणाकडे धर्मभक्ताच्या नव्हे, तर कारकुनाच्या डोळ्यांनी पाहण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

प्रथम इंगोलींविषयी. त्यांचा जन्म १५७८चा. पादुआ विद्यापीठात त्यांनी १६०१ मध्ये ‘दोन्ही कायद्यांची’ म्हणजे रोमन दिवाणी कायदा आणि चर्चचा कायदा (ज्याला कॅनन लॉ म्हणतात) यांची डॉक्टर ही पदवी घेतली. त्या काळी त्याच विद्यापीठात गॅलिलिओ गणित शिकवीत होते. पुढे १६१६ मध्ये इंगोलींनी पृथ्वी स्थिर आहे असे प्रतिपादन करणारा एक निबंध गॅलिलिओंनाच उद्देशून लिहिला. गॅलिलिओंनी त्याला १६२४ मध्ये सविस्तर उत्तर दिले. कोपर्निकसच्या ग्रंथात कोणती वाक्ये बदलल्यास तो वाचण्यास हरकत नाही, याची जी यादी १६२० मध्ये जाहीर झाली, तीही इंगोलींच्याच टिपणावर आधारलेली होती. विज्ञानाच्या इतिहासात म्हणून त्यांचे नाव चुकीच्या बाजूला नोंदले गेले आहे, आणि बहुतेक वाचक त्यांना तेवढ्यापुरतेच ओळखतात.

परंतु ६ जानेवारी १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसाराचे एक मध्यवर्ती खाते स्थापन केले. ‘प्रोपागांदा फिदे’ हे त्याचे नाव. या खात्याचे पहिले सचिव म्हणून इंगोली नेमले गेले, आणि १६४९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, ते त्या खुर्चीवर होते. या काळातील त्यांचे काम पाहिले की पृथ्वी स्थिर मानणारा हा मनुष्य आपल्या खुर्चीतून जग कसे हलवू पाहत होता याचे नवल वाटते. त्यांनी सर्व दिशांना पत्रे धाडून माहिती मागविली. कोणत्या देशात किती धर्मगुरू आहेत, त्यांना तेथील भाषा येते काय, स्थानिक माणसांना गुरुदीक्षा मिळते काय, नसेल तर का नाही, असे त्यांचे प्रश्न. उत्तरे आली ती जपून ठेवली, त्यांची वर्गवारी केली, आणि त्यांतून चार खंडांचा एक समग्र अहवाल तयार केला. चांगल्या सचिवाचे पहिले लक्षण म्हणजे तो खालून आलेले पत्र वाचतो. हे लक्षण दुर्मीळ आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

या पत्रांतून इंगोलींचा एक निष्कर्ष पक्का होत गेला. युरोपीय धर्मगुरू व संघ स्थानिक लोकांना दीक्षेपासून दूर ठेवतात, आणि ते अन्याय्य तर आहेच, शिवाय चर्चच्या मूळ परंपरेला सोडून आहे. कारण ख्रिस्ताच्या पहिल्या शिष्यांनी ज्या ज्या गावी धर्म नेला, त्या त्या गावचीच माणसे तेथे नेमली होती. त्यांचा हा युक्तिवाद नुसता भावनेवर नव्हे, तर कायद्यावर उभा होता. बाराव्या शतकात, ११४०च्या सुमारास, ग्रेशियन नावाच्या पंडिताने परस्परविरोधी वाटणारे चर्चचे नियम एकत्र मांडून त्यांचा मेळ घालणारा ग्रंथ सिद्ध केला. त्याच ग्रंथावर नंतरच्या पिढ्या शिकल्या. अलीकडचा वहिवाटीचा नियम आणि जुना मूलभूत नियम यांत विरोध आला तर कोणत्याला किती वजन द्यावे, हे त्या शिक्षणात अंगवळणी पडत असे. इंगोली त्याच तालमीत तयार झाले होते.

आता दिवाडकडे वळू. मांडवीच्या पात्रातील हे बेट जुन्या गोव्याच्या समोर आहे. येथील सप्तकोटेश्वराचे देवालय पोर्तुगीज अमलात उद्ध्वस्त झाले, तेव्हा देव नदी ओलांडून पलीकडे डिचोली महालातील नार्व्याला गेला; तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला, हे आपण जाणतोच. याच दिवाडवर १५९४च्या सुमारास महाले या ब्राह्मण पण ख्रिस्ती झालेल्या घराण्यात मातेउश जन्मले. मुलगा हुशार होता, त्याला धर्मगुरू व्हावयाचे होते. गोव्याच्या १६०६च्या धर्मपरिषदेने एतद्देशीयांपैकी केवळ उच्च जातींनाच दीक्षा द्यावी असे ठरविले होते. म्हणजे कागदोपत्री मातेउश यांना दार उघडे होते. प्रत्यक्षात तत्कालीन आर्चबिशपांनी त्यांना दीक्षा नाकारली. तेव्हा हा तरुण खुष्कीच्या मार्गाने रोमला गेला. १६२५ मध्ये तो तेथे पोहोचला आणि इंगोलींना भेटला.

पुढे जे घडले ते दोघांच्याही दृष्टीने साहजिक होते. इंगोली ज्या सिद्धान्तासाठी टिपणे लिहीत होते, त्याचा जिवंत पुरावा पायी चालत त्यांच्या दारी आला होता. कास्त्रोंना रोममध्ये शिक्षण मिळाले, दीक्षा मिळाली, अधिकारपत्रे मिळाली. ते गोव्यात परतले, तर तेथे ही पत्रे फसवून मिळविलेली आहेत असे म्हणून त्यांना झिडकारण्यात आले. ते पुन्हा रोमला गेले. १६३७ मध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा देण्यात आली, तीही गुपचूप. पोर्तुगालच्या दरबारला सुगावा लागू नये म्हणून. लॅटिन परंपरेतील पहिले भारतीय बिशप ते हेच. त्यांना अधिकारक्षेत्र दिले गेले ते विजापूरच्या आदिलशहाचे राज्य, कारण तेथे पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. त्या वेळी डिचोली आदिलशहाची आणि बेळगावचा किल्लाही आदिलशहाचाच. म्हणजे आपला हा सारा टापू, कागदावर का होईना, कास्त्रोंच्या क्षेत्रात मोडत होता. त्यांनी डिचोलीत बिऱ्हाड केले. नदीच्या एका काठावरून हाकललेला देव आणि हाकललेला बिशप, दोघांनीही आसऱ्यासाठी एकच महाल निवडावा, हा योगायोग इतिहासकारांनी फारसा नोंदविलेला दिसत नाही.

येथे आपण कायद्याच्या गाभ्याशी येतो, आणि माझ्या मते या प्रकरणातील खरा नैतिक पेच येथेच आहे. गोव्याचे आर्चबिशप आणि पोर्तुगीज अधिकारी कास्त्रोंना विरोध करीत होते तो केवळ वर्णद्वेषापोटी, असे म्हणून मोकळे होता येत नाही. वर्णद्वेष होताच, एका उच्चपदस्थ धर्माधिकाऱ्याने कास्त्रोंच्या रंगावरून जे लिहिले आहे ते येथे उतरवून घेण्याची माझी इच्छा नाही. परंतु त्यांच्या हातातही कागद होता, आणि तो पोपचाच होता. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून एकामागून एक फर्मानांनी पोपनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चचे पालकत्व दिले होते. यालाच ‘पाद्रोआदो’ म्हणतात. धर्मप्रांत काढावयाचे, बिशपांची नावे सुचवावयाची, खर्च सोसावयाचा, हे सारे राजाचे. गोव्याचा धर्मप्रांत १५३३ मध्ये याच व्यवस्थेत स्थापन झाला. तेव्हा राजाच्या संमतीवाचून रोमहून थेट आलेला बिशप त्यांच्या दृष्टीने बेकायदा होता.

ज्यांनी शासनात काम केले आहे त्यांना हा रोग लगेच ओळखू येईल. नव्या शासन आदेशाच्या आरंभी एक वाक्य असते: ‘यापूर्वीचे या विषयावरील सर्व आदेश अधिक्रमित करून...’. ते वाक्य नसेल तर जुना आदेशही जिवंत राहतो. मग तालुक्याचा अधिकारी नव्या आदेशावर बोट ठेवतो, समोरचा जुन्या आदेशावर, आणि दोघेही खरे बोलत असतात. रोमने हेच केले. नवा अधिकार दिला, पण जुना काढून घेतला नाही. पोर्तुगाल हे कॅथलिक राज्य, त्याच्याकडे जहाजे, त्याच्याकडे पैसा. त्याला उघड दुखविण्याची छाती नव्हती. म्हणून ‘अधिक्रमित’ हा एक शब्द लिहिण्याचे टळले, आणि त्या न लिहिलेल्या शब्दाचा भार एका माणसाच्या खांद्यावर दिला गेला. तो माणूस रोमपासून हजारो मैल दूर, परक्या राजाच्या आसऱ्याने, डिचोलीत एकटा.

चर्चच्याच कायद्याचे एक जुने तत्त्व आहे: नियम प्रसिद्ध केला जातो तेव्हाच तो नियम होतो. ग्रेशियनच्या संग्रहात ते आहे, आणि १९८३ च्या संहितेतही. गुपचूप दिलेल्या बिशपपदात या तत्त्वाचा शब्दशः भंग होत नसेल. नेमणूक आणि नियम या वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कळते. पण त्याच्या आत्म्याचा भंग होतो असे मला ठामपणे वाटते. ज्या अधिकाराची घोषणा करण्याची देणाऱ्याची तयारी नाही, तो अधिकार म्हणजे घेणाऱ्याच्या हाती दिलेला विस्तव होय. इंगोलींसारख्या कायदेपंडिताला हे कळत नव्हते असे कोण म्हणेल? त्यांना कळत होते. त्यांनी हिशेब केला असणार की तत्त्व उघडपणे मांडले तर ते दरबारातच मरेल, लपवून पाठविले तर निदान कोठेतरी रुजेल. हा हिशेब चुकीचा होता असेही मी म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हिशेबाच्या वहीत खर्चाच्या रकान्यात एका जिवंत माणसाचे नाव होते, आणि ते रकान्यासारखेच वाचले गेले.

माझ्या नोकरीच्या काळात मी एक प्रसंग पाहिला. जमिनीच्या उताऱ्यावर घरातील स्त्रियांची वारसनोंद कटाक्षाने करावी असा एक उत्तम आदेश निघाला होता. एका तालुक्यातील तरुण अधिकाऱ्याने तो अक्षरशः पाळला. भाऊबंद चिडले, वजनदार माणसांकडे गेले, आणि वर्षभरात त्या तरुणाच्या तीन बदल्या झाल्या. आदेश मागे घेतला गेला नाही. तो आजही उत्तम म्हणून उल्लेखिला जातो. ज्यांनी तो लिहिला त्यांचे भाषण मी नंतर एका सभेत ऐकले. ते तळमळीने बोलले. त्या तरुणाचे नाव त्यांना ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक असण्याचे काही कारणही नव्हते.

इंगोलींच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की त्यांना कास्त्रोंचे नाव ठाऊक होते. जिवंत असेपर्यंत त्यांनी कास्त्रोंची पाठराखण केली. पण १६४९ मध्ये ते वारले, आणि मग त्या खात्यात या बिशपाला ‘आपला’ म्हणणारे कोणी प्रबळ उरले नाही. व्यक्तीच्या सद्‌भावावर उभे केलेले संरक्षण त्या व्यक्तीबरोबर सरणावर जाते. देणे फेडावयाचे तर ते कागदावर, कायद्याच्या भाषेत फेडावे लागते.

कास्त्रो स्वतः संत नव्हते, आणि त्यांना संत करण्याची माझी इच्छाही नाही. स्वभाव तापट, भाषा धारदार. १६५३ मध्ये त्यांनी डिचोलीहून ‘ब्राह्मणांचा आरसा’ या अर्थाच्या शीर्षकाचे एक पत्रक लिहिले आणि गोव्यातील ख्रिस्ती ब्राह्मणांना पोर्तुगीज धर्मगुरूंच्या दडपशाहीविरुद्ध उठण्याचे आवाहन केले. पुढच्याच वर्षी विजापूरच्या फौजा बार्देश-सासष्टीत उतरल्या, तेव्हा त्यामागे या बिशपाची फूस असल्याचा आरोप झाला. तो खरा किती हा वाद बाजूला ठेवू. मला खटकते ते शीर्षक. गोऱ्या धर्मगुरूने आपल्याला जन्मावरून तुच्छ लेखले म्हणून पेटून उठलेला हा मनुष्य आवाहन करतो ते मात्र एकाच जातीला. दिवाडवर आणि सासष्टीत शूद्र मानल्या गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची मुलेही होतीच. त्यांच्यासाठी या आरशात जागा नाही. ज्याने अन्याय सोसला त्याला दुसऱ्यावरचा अन्याय आपोआप दिसू लागतो, ही आपली एक गोड समजूत आहे. कास्त्रोंनी ती खोटी ठरविली, आणि तसे करणारे ते पहिले नव्हते वा शेवटचेही नव्हते.

१६५८ मध्ये कास्त्रो रोमला परतले ते कायमचे. १६७७ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागून दोन गोमंतकीयांना असेच अधिकार मिळाले, त्यांतील एक त्यांचाच भाचा. पण त्यांनाही तोच झगडा करावा लागला.

हे सारे आपल्याला कळते ते प्रोपागांदाच्या दफ्तरामुळे. सभांचे इतिवृत्त, आलेली मूळ पत्रे, गेलेल्या पत्रांच्या नकला अशी त्याची रचना आहे, आणि तिचा पाया इंगोलींनीच घातला. नेपोलियनच्या काळात त्यातील बरेच कागद पॅरिसला नेले गेले आणि नंतर परत आणले गेले. त्या बाडांत कास्त्रोंची गाऱ्हाणी आहेत आणि कास्त्रोंविरुद्धची गाऱ्हाणीही आहेत. फिर्यादी आणि आरोपी एकाच रुमालात बांधलेले. सचिवाला आपल्या माणसाची बाजू तेवढी राखून बाकीचे कागद गहाळ करणे अवघड नव्हते. ते झाले नाही, आणि म्हणूनच विसाव्या शतकात, १९३७ मध्ये आणि पुन्हा १९८६ मध्ये, कास्त्रोंची चरित्रे लिहिता आली. इंगोलींनी आपले देणे कोठे फेडले असेल तर ते येथे, असे मला कधीकधी वाटते. जिवंतपणी न्याय देता आला नाही, पण न्याय मागण्याचे कागद त्यांनी जपले.

तरीही कागद जपणे म्हणजेच न्याय, असेही नव्हे. चर्चच्या सध्याच्या संहितेत गुप्त दफ्तराविषयी एक चमत्कारिक नियम आहे. नैतिक गुन्ह्यांच्या ज्या प्रकरणांतील आरोपी मरण पावला असेल, किंवा शिक्षा होऊन दहा वर्षे झाली असतील, त्यांचे कागद दरवर्षी नष्ट करावेत आणि फक्त हकिगतीचा सारांश व निकाल राखावा. प्रथम वाचताना हा नियम मला फार दयाळू वाटला. माणसाच्या पापाची टाचणे त्याच्या मरणानंतर कोणी चाळीत बसू नये! परंतु त्याच दयेच्या आडोशाने काय काय होऊ शकते हे पुढे जगाला दिसले. जर्मनीतील धर्मप्रांतांत बालकांवर झालेल्या अत्याचारांचा जो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात काही ठिकाणी कागद नष्ट केल्याच्या वा त्यांत फेरफार केल्याच्या खुणा आढळल्या. दया कोणावर केली जात आहे, आरोपीवर की संस्थेवर, हे कागद जाळणाऱ्यालाच ठरवू दिले तर याहून वेगळे होणार नाही.

आणि कागद राखले तरी ते कोणी राखले हा प्रश्न उरतोच. आपल्या नंदगडात १८३१ मध्ये संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिले गेले. कंपनी सरकारच्या कागदांत तो बंडखोर गुन्हेगार आहे. गावाबाहेरच्या वडापाशी जाऊन लोक नवस बोलतात, त्यांनी ते कागद कधी पाहिलेले नाहीत आणि पाहण्याची त्यांना गरजही वाटत नाही. कास्त्रोंच्या नशिबी असा वड आला नाही. त्यांना आठवणारे कोणी असेल तर ते दफ्तरच.

तो न लिहिलेला शब्द अखेर केव्हा लिहिला गेला? सोळावे ग्रेगरी यांनी १८३८ मध्ये एका फर्मानाने भारतातील मोठ्या भागावरील पाद्रोआदोचा अधिकार काढून घेतला. म्हणजे कास्त्रोंच्या गुप्त दीक्षेनंतर दोनशे एक वर्षांनी. तोवर मुंबईसारख्या शहरात एकाच वस्तीत दोन अधिकाऱ्यांना मानणारी दोन चर्चे उभी राहिली होती, आणि फर्मानानंतरही भांडण थांबले नाही. १८५७ आणि १८८६ मध्ये पोर्तुगालशी पुन्हा करार करावे लागले. १९२८ च्या करारात तर मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा असे ठरले. त्या पाळीत भारतीय कोठेच नव्हता. आपला बेळगाव भाग गोवा आणि पुणे अशा दोन धर्मप्रांतांत वाटला गेला होता. सीमाभागातील माणसाला याचे आश्चर्य वाटू नये. घर एका सरकारात आणि मन दुसऱ्या भाषेत, हे आपण १९५६ पासून अनुभवीत आहोत, आणि तो दावाही २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. १९५३ मध्ये बेळगाव हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा आमच्याकडील कॅथलिकांचे दोन हुकमांखालील जिणे संपले.

गोव्याचे, म्हणजे ज्या पीठाने दिवाडच्या त्या तरुणाला दीक्षा नाकारली त्याचे, आर्चबिशपपद गोमंतकीयाकडे आले ते १९७८ मध्ये. राउल गोन्साल्विस हे त्यांचे नाव. दिवाडला जाणारी फेरीबोट जुन्या गोव्यातून आर्चबिशपांच्या कॅथेड्रलजवळच्याच धक्क्यावरून सुटते, आणि नदी ओलांडायला तिला काही मिनिटेच लागतात.